बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा: एका तडकलेल्या टाकीचं प्रकरण

गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. गिअर हाताचे, एसी आहे. तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा आणि फार तापलं की लाल, असे दोनच दिवे. मालकीण आमच्या शेजारच्या वहिनी, शाळेत शिकवतात. तक्रार अशी की मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या घाटात गाडी तापली, बॉनेटमधून वाफ आली, जागेवर तात्पुरती दुरुस्ती करून घरी आणली आणि आठवडाही झाला नाही तोच तीच जागा पुन्हा गळायला लागली. वरवर पाहता तडकलेल्या रेडिएटरचं हे साधं प्रकरण. तरी लिहून काढतोय ते एका गोष्टीसाठी. वहिनी दर रविवारी बॉनेट उघडून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली पाहत होत्या आणि ती कायम भरलेली होती. वर्षभरात एकदाही त्यात काही ओतावं लागलं नव्हतं. उलट पातळी वरच्या रेघेच्याही थोडी वर असायची, त्याचं त्यांना समाधान होतं.

माझी नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत झाली. तिथले आमच्या काळातले रेडिएटर तांब्या-पितळेचे. गळती कुठे आहे ते पाण्याच्या हौदात बुडवून, हवा सोडून, बुडबुड्यांवरून शोधायचं, जागा घासून साफ करायची आणि झाळ द्यायची. तो रेडिएटर पुढे पाच-सात वर्षं काढायचा. आजच्या छोट्या गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची असते आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या. टाकीवर बारीक अक्षरांत ‘पीए६६-जीएफ३०’ असं उठवलेलं दिसतं. म्हणजे ३० टक्के काचतंतू मिसळलेलं नायलॉन. टाकी आणि जाळी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट, आणि जाळीच्या कडेचे ॲल्युमिनियमचे दात टाकीच्या ओठावर दाबून बसवलेले. झाळ द्यायला यात जागाच नाही. त्यामुळे “रेडिएटर तडकलाय, दुरुस्त होईल का?” या प्रश्नाचं उत्तर माझ्या उमेदीच्या काळात वेगळं होतं, आता वेगळं आहे.

घाटात काय झालं

पुण्याहून येताना वहिनी खंबाटकीचा घाट चढत होत्या. दुपारची वेळ, पुढे भरलेला ट्रक, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, एसी चालू. आधी एसीची हवा गार येईनाशी झाली, मग लाल दिवा लागला, आणि पाठोपाठ गोडसर वास येऊन काचेवर वाफ. वहिनींनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. त्या झाकण उघडायला निघाल्या होत्या, तेवढ्यात मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरने ओरडून थांबवलं. त्या माणसाचे उपकार मोठे आहेत. तापलेल्या रेडिएटरमधलं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण फिरवून दाब काढला की ते क्षणात उकळून तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबणं, आणि त्यानंतरही झाकणावर जाड फडकं टाकून ते आधी पहिल्या खाचेपर्यंतच फिरवणं, याला पर्याय नाही. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचा मोहही आवरायचा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते वाकलं की खर्चाचा आकडा एकदम दुसऱ्या घरात जातो.

खालच्या गावातून मेकॅनिक आला. त्याने वरच्या टाकीच्या खांद्यावर एम-सील थापलं, रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकली, पाणी भरलं आणि झाकण मुद्दाम अर्धवट, पहिल्या खाचेवर ठेवून सांगितलं की एसी लावू नका, हळू जा, मध्ये दोनदा थांबून पाणी बघा. पुढचं पस्तीस-चाळीस किलोमीटर अंतर गाडीने तसं काढलं.

या इलाजाला हसणारे पुष्कळ भेटतात, मी हसणार नाही. हळदीची भुकटी पाण्यात फुगते आणि बारीक भेगेत जाऊन अडकते, ट्रकवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. झाकण अर्धवट ठेवलं की आत दाब साठत नाही, म्हणून भेगेतून बाहेर येणारा लोटही कमी होतो. त्याची किंमत अशी की दाब नाही म्हणजे पाणी शंभरालाच उकळणार, म्हणून हळू जा आणि थांबून बघा. त्या मेकॅनिकने गाडी घरी पोहोचवण्यापुरती दुरुस्ती केली आणि तसं स्पष्ट सांगितलंही. घरी आल्यावर “चालतेय की” म्हणून गाडी तशीच शाळेला जात राहिली, तिथे खरी गडबड झाली.

आधी भेग कुणी पाडली ते बघू

वहिनींचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे. त्याने मोबाइलवर पाहून ठरवूनच टाकलं होतं. “काका, नवीन रेडिएटर आणतो, रविवारी आपण दोघं बसवू.” बसवू, म्हटलं, पण आधी जुना का फुटला ते कळू दे. नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

गाडी रात्रभर थंड झालेली. सकाळी बाटली पाहिली तर काठोकाठ. मग रेडिएटरचं झाकण उघडलं. आत बोट घातलं तर दोन पेरांपर्यंत ओलसुद्धा लागेना. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे कसं?

या जातीच्या गाड्यांत बाटली दाबाखाली नसते, ती नुसती साठवणीची. इंजिन तापलं की आतलं द्रव फुगतं. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला (झाकणावर तो आकडा छापलेला असतो, बहुतेक छोट्या गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार) की झाकणातली मोठी झडप उचलली जाते आणि जादाचं द्रव बारीक नळीने बाटलीत जातं. गाडी थंड झाली की द्रव आकसतं, आत पोकळी तयार होते, झाकणाच्या तळाशी असलेली दुसरी छोटी झडप आतल्या बाजूला उघडते आणि बाटलीतलं द्रव परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. थोडक्यात, बाटली श्वासासारखी वर-खाली व्हायला हवी. तापल्यावर पातळी चढलेली, थंड झाल्यावर उतरलेली.

ती छोटी झडप चिकटली तर? बाहेर जाणं चालू राहतं, परत येणं बंद. प्रत्येक लांबच्या किंवा चढाच्या फेरीला थोडं द्रव बाटलीत जातं आणि तिथेच राहतं. बाटली भरत जाते, रेडिएटर उतरत जातो. वर्षभर बाटलीत काही ओतावं लागलं नाही याचा अर्थ हा होता. सगळं ठीक असलेल्या गाडीतसुद्धा वर्षभरात पातळी थोडी खाली येते. जिची अजिबात येत नाही, उलट चढते, तिचं झाकण उघडून बघावं.

वहिनींच्या गाडीचं झाकण उलटं करून पाहिलं. मधली पितळी चकती नखाने ओढली तर हलेना. पांढरट-तपकिरी क्षाराचा थर बसून ती जागेवर थिजली होती. निरोगी झाकणात ही चकती नखाने सहज ओढली जाते आणि सोडली की परत जाते. पाच सेकंदांची तपासणी आहे, थंड गाडीवर कुणालाही करता येते.

मुलाचा मुद्दा रास्त होता. भेग पडल्यावरही आत हवा ओढली जाऊन रेडिएटर रिकामा होऊ शकतो. मग झाकण आधी बिघडलं कशावरून?

त्याचं उत्तर वरच्या होज पाइपने दिलं. अकरा वर्षांच्या गाडीत बाकी सगळं रबर जुनाट, करड्या रंगाचं, पण वरचा पाइप मात्र काळाभोर, नवाकोरा. विचारलं तर वहिनी म्हणाल्या, “अहो, तो दिवाळीच्या सुमारास बदलला. सकाळी बॉनेट उघडलं की चपटा झालेला दिसायचा. गॅरेजमध्ये म्हणाले, रबर कमजोर झालंय.” इथे सगळा उलगडा झाला. थंड झाल्यावर आतली पोकळी भरून काढायला द्रव येत नव्हतं, म्हणून बाहेरच्या हवेने पाइप चेपला जात होता. आणि पाइप चेपला जायला व्यवस्था हवाबंद असावी लागते. तेव्हा भेग असती तर तिथूनच हवा आत शिरली असती आणि पाइप गोल राहिला असता. म्हणजे दिवाळीला टाकी शाबूत होती, झाकण मात्र तेव्हाच गेलेलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातला प्रकार. दोन-अडीचशे रुपयांच्या झाकणाऐवजी पाइप बदलला गेला, आणि नवा पाइप जाड असल्याने चेपणं थांबून ते एकमेव बाहेरचं लक्षणही नाहीसं झालं.

पाइप काढल्यावर दुसरी गोष्ट दिसली. मूळ स्प्रिंगची क्लिप जाऊन तिथे स्क्रूने आवळायची पट्टीची क्लिप आली होती आणि ती चांगलीच करकचून आवळली होती. पट्टीचा वळ प्लास्टिकच्या तोटीवर उमटला होता. केसासारखी बारीक भेग बरोबर त्या वळापासून निघून टाकीच्या खांद्यावर दोन बोटं उतरली होती. अकरा वर्षं कूलंटमधल्या गरम ग्लायकॉल आणि पाण्यात शिजलेलं नायलॉन ठिसूळ होतंच. त्यात वरच्या टाकीत द्रवाऐवजी वाफ, त्यात तोटीवर कायमचा आवळा, आणि मग खंबाटकीचा चढ. कुणाला किती दोष द्यायचा याची टक्केवारी काढता येत नाही. क्रम लावायचा तर मी पहिला नंबर झाकणाला देईन.

लाल दिवा उशिरा का लागला, तेही यातच आलं. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. भोवती वाफ आणि हवा असेल तर तो मागे पडतो.

इंजिनला इजा झाली नाही ना, हे नवा रेडिएटर विकत घेण्याआधी पाहिलं. हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर हेडखालची सांधा बंद ठेवणारी चकती, गेलं असेल तर रेडिएटर बदलून उपयोग नसतो. ऑइलच्या पट्टीवर आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधी फेस नाही. रेडिएटर पाण्याने भरून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. सुरुवातीला चार-दोन बुडबुडे आले आणि थांबले. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असता तर ते येतच राहिले असते. धुराड्यातून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर नाही. थंड इंजिन चालू केल्याबरोबर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, हेही एक लक्षण, तेही नव्हतं. वहिनींनी लाल दिवा लागताच इंजिन बंद केलं, त्याने हेड वाचलं.

सांधायचं की बदलायचं

मुलाचा दुसरा विचार असा की एम-सील नीट घासून-पुसून पुन्हा लावू, किंवा सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिक वितळवून भेग बुजवू. जागा टाकीच्या सपाट भागावर असती तर मी तात्पुरतं हो म्हटलं असतं. इथे भेग पाइपच्या खाली, तोटीवर होती. तिथे एम-सीलचा थर दिला की पाइप नीट बसणार नाही, आणि थर घासून पातळ केला तर टिकणार नाही. शिवाय लेप भेग झाकतो, थांबवत नाही. आत दर चौरस सेंटिमीटरला किलोभर दाब, रोज गरम-गार. भेग लेपाखालून पुढे सरकतेच, आणि घाटातलं एम-सील आठवडाभरात सुटलं ते त्यामुळेच.

वितळवून सांधण्याचं म्हणाल तर या नायलॉनचा वितळबिंदू सुमारे २६० अंश. वर्षानुवर्षं त्याने ग्लायकॉल आणि पाणी शोषलेलं, तापवलं की आतून बुडबुडे येतात. आणि काचतंतू सांध्याच्या आरपार जात नाहीत, म्हणजे जिथे बळ हवं तिथेच ते नसतं. घरी हौस म्हणून करून पाहावं, पण साताऱ्याहून कासला जायच्या गाडीवर नाही.

गळती थांबवणारी तयार द्रव्यं बाटलीत मिळतात. हळदीचीच ती शिकलेली भावंडं. भेगेत जे अडकतं ते जाळीच्या चपट्या, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या नळ्यांतही अडकतं, हीटरच्या छोट्या जाळीतही आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) तोंडाशीही. रस्त्यात अडकलात तर वापरा, पण नंतर धुऊन काढायचं आहे हे धरून.

नुसती टाकी बदलून देणारी रेडिएटरची दुकानं अजून आहेत. दात उघडायचे, नवी टाकी आणि नवं गॅस्केट घालायचं, दात पुन्हा दाबायचे. मोठ्या किंवा जुन्या, ज्यांचा पूर्ण रेडिएटर मिळत नाही अशा गाड्यांसाठी मी हाच मार्ग सांगेन. छोट्या गाडीत हिशेब बसत नाही. एकदा वाकवलेले ॲल्युमिनियमचे दात पुन्हा वाकवताना काही तुटतात, जाळी जुनीच राहते, आणि मजुरी धरून नव्याच्या निम्म्याच्या वर पैसे जातात. वहिनींच्या गाडीत तर आतल्या नळ्यांच्या तोंडाशी क्षार आणि हळदीचा पिवळा चिखल असा जमला होता की जाळी ठेवण्यात अर्थ नव्हता. क्षार कुठून आला? मधल्या काळात कधीतरी कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं गेलं होतं. त्याच क्षाराने झाकणाची झडप धरली.

म्हणून नवा रेडिएटर, नवं झाकण, नवा थर्मोस्टॅट आणि खालचा होज पाइप. वरचा पाइप नवाच होता, तो ठेवला.

हाताने काम

सगळ्यात आधी बॅटरीची ऋण तार काढली. काही गाड्यांत चावी काढलेली असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, आणि बोटं तिथेच असतात.

मग द्रव काढणं. खालच्या टाकीला प्लास्टिकचा बूच असतो, पण जुन्या गाडीत तो फिरवायला गेलं की त्याचंच डोकं हातात येतं. बूच निघाला नाही तर खालचा पाइप सोडावा, काम तेच होतं. खाली पसरट टब ठेवला होता, आणि मुलाला बजावलं होतं की सांडलेलं लगेच पुसून धुऊन टाक. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. आमच्या आवारातली कुत्री-मांजरं काय चाटतील याचा नेम नाही. टबातलं द्रव नाल्यातही ओतायचं नाही. जुन्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत लिहून, वापरलेलं ऑइल आणि कूलंट गोळा करणाऱ्या सर्व्हिस स्टेशनला दिलं.

पाइप काढताना लोक स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकतात. तसं करू नये. पक्कडीने पाइप जागेवर आडवा फिरवायचा, चिकटलेलं सुटलं की मग ओढायचा. खालचा पाइप बदलायचाच होता, तेव्हा तो सरळ ब्लेडने उभा कापून काढला. पंख्याचं कनेक्टर, बाटलीची नळी, पंख्याच्या चौकटीचे चार बोल्ट, वरच्या दोन पट्ट्या. पंखा आधी वर काढला, मग रेडिएटर. समोर एसीचा कंडेन्सर असतो, त्याच्या नळ्यांना हात लावायचा नाही. त्यात वायू दाबाखाली असतो. रेडिएटर आणि कंडेन्सर एकमेकांना क्लिपने अडकलेले असतील तर ते सोडवून कंडेन्सर जागेवरच लटकत ठेवायचा. रेडिएटर उचलताना त्या दोघांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, म्हणजे पत्र्याच्या बारीक पात्या दुमडत नाहीत. गिअर आपोआप बदलणारी गाडी असती तर गिअरच्या तेलाच्या दोन नळ्याही बहुधा याच रेडिएटरमधून गेलेल्या असत्या, आणि मग मी हे काम आवारात करायला तयार झालो नसतो.

जुना रेडिएटर बाहेर आल्यावर खालच्या खुंट्यांचे रबरी बुश मोजले. दोन हवेत, एकच सोबत आला. दुसरा खाली चौकटीतच चिकटून राहिला होता. तो दिसला नाही म्हणून लोक दुकानातून नवा बुश आणून आधीच्यावर चढवतात, आणि मग रेडिएटर तिरका बसतो.

जुना आणि नवा शेजारी ठेवून ताडून पाहिला. उंची, तोट्यांचा व्यास, झाकणाची गळपट्टी, सगळं जुळलं. पंख्याच्या चौकटीचं एक भोक मात्र तीनेक मिलिमीटर सरकलेलं. बाजारातल्या पर्यायी मालात हे चालतं. मुलगा ड्रिल घेऊन नव्या टाकीकडे निघाला होता. त्याला थांबवलं आणि कानस दिली. टाकीला कधीही हात लावायचा नाही. पंख्याच्या चौकटीचं भोक कानसीने लांबट करायचं, मोठा वॉशर टाकायचा. पंधरा मिनिटांचं काम.

नवा रेडिएटर बसवण्याआधी इंजिन धुतलं. थर्मोस्टॅट काढून ठेवलेला, नळाचा पाइप वरच्या होजला लावला आणि हीटर गरमवर ठेवून उलट्या दिशेने पाणी सोडलं. आधी गंजकट तांबडं, मग हळदीचं पिवळं, मग स्वच्छ. शेवटी दोन वेळा डिस्टिल्ड वॉटरने विसळलं, कारण नळाचं पाणी इंजिनच्या पोटात राहतंच आणि क्षार पुन्हा तिथूनच सुरू होतो. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे बॅटरीत टाकायचं मिळतं तेच. दुकानदाराने बॅटरीचं ॲसिड दिलं नाही ना, हे लेबल वाचून बघावं. हसू नका, दोन्ही कॅन शेजारी ठेवलेले मी पाहिलेत.

स्क्रूच्या क्लिपऐवजी वरच्या पाइपला स्प्रिंगचीच क्लिप घातली. ती प्लास्टिकबरोबर फुगते-आकसते आणि तिला आवळता येत नाही, हाच तिचा गुण.

भरणं आणि हवा काढणं

पुस्तिकेप्रमाणे या गाडीत सुमारे चार लिटर द्रव मावतं. बाजारात दोन तऱ्हेचं कूलंट मिळतं, एक पाणी मिसळून तयार आणि दुसरं घट्ट. धुतलेल्या इंजिनच्या पोटात लिटरभर पाणी उरलेलं असतं. त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते आणखी पातळ होतं. म्हणून आधी दोन लिटर घट्ट कूलंट, मग वर डिस्टिल्ड वॉटर, असं निम्मं-निम्मं साधलं. साताऱ्यात पाणी गोठायची भीती नाही, मग ग्लायकॉल कशाला, असं मुलाने विचारलं. एक म्हणजे त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमला सांभाळतात. दुसरं, निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू साध्या हवेत १०६-१०८ अंशांच्या आसपास असतो आणि चांगल्या झाकणाच्या दाबाखाली १२५च्या वर जातो. एसी चालू ठेवून घाट चढायला हीच शिल्लक कामी येते. रंगावर मात्र जाऊ नये. हिरवं, लाल, निळं ही कंपन्यांची आवड आहे, जात नव्हे. पुस्तिकेत सांगितलेली जात घ्यावी आणि दोन जाती मिसळू नयेत, काही मिसळल्या की साका धरतात.

हवा काढायला गाडीचं तोंड चढाकडे करून उभी केली, म्हणजे झाकण सगळ्यात उंच राहतं. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन संथ. वरचा पाइप हाताने अधूनमधून दाबत राहायचं, बुडबुडे येतात. दहा-बारा मिनिटांनी वरचा पाइप एकाएकी चटका देण्याइतका गरम झाला आणि पातळी झपकन खाली गेली, थर्मोस्टॅट उघडला. तेवढं भरलं, नवं झाकण लावलं, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबलो. हीटरची हवा गरमच राहिली. ती मध्येच गार झाली असती तर आत अजून हवा आहे असं समजायचं. मग इंजिन बंद. बाटलीत दोन रेघांच्या मध्ये पातळी ठेवून तिथे टेपचा तुकडा चिकटवला आणि सकाळपर्यंत कुणी काही उघडायचं नाही असं ठरवलं.

सकाळी बाटलीतली पातळी टेपच्या बोटभर खाली होती. वहिनी दचकल्या. “परत गळतंय की काय?” झाकण उघडून दाखवलं, रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला. रात्रभरात बाटलीतलं द्रव आत ओढलं गेलं होतं. वर्षभर न घडलेली गोष्ट घडली होती.

खर्च आणि पुढचं

रेडिएटर पर्यायी बनावटीचा, २,९०० रुपये. कंपनीचा जवळपास दुप्पट सांगितला होता. झाकण मात्र मुद्दाम कंपनीचंच घेतलं, २६० रुपये, जुन्यावर छापलेल्या आकड्याचंच. जास्त आकड्याचं झाकण लावलं की गाडी कमी तापते असा एक समज आहे. त्याने सगळ्या जुन्या सांध्यांवर दाब तेवढा वाढतो. थर्मोस्टॅट, पाइप, कूलंट, पाणी मिळून आणखी अठराशेच्या आत-बाहेर. जुना रेडिएटर भंगारवाल्याने प्लास्टिकसकट घेतला आणि जेमतेम चहापाण्याचे पैसे दिले. तांब्या-पितळेच्या दिवसांत त्यात नव्याचा चांगला हिस्सा सुटायचा.

पहिल्या आठवड्यात रोज सकाळी थंड इंजिनवर बाटली आणि झाकण दोन्ही पाहिलं. तिसऱ्या दिवशी खालच्या पाइपच्या सांध्याशी पांढरट ओल दिसली. रबर बसलं होतं. क्लिप पाइपच्या कडेला जरा जास्त आली होती, ती बोटभर आत सरकवल्यावर ओल थांबली. पातळी एकदाच थोडी भरावी लागली, आत राहिलेली हवा निघाली म्हणून. त्यानंतर बाटली सकाळी टेपपाशी आणि शाळेहून आल्यावर टेपच्या वर, असा नेम बसलाय. वहिनी आता रविवारी बाटलीबरोबर वरचा पाइपही दाबून बघतात, आणि महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, झाकण काढून त्याची मधली चकती नखाने ओढतात. कूलंट पुन्हा कधी बदलायचं ती तारीख मुलाने बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत: बोअरचं पाणी नाही.